कृत्रिम या शब्दाची व्याख्या

रविवार, ७ मे
पहिलं मोठं दंव. गवत पांढरं, केविनच्या भांड्यातलं पाणी गोठलेलं. (केविन म्हणजे कुत्रा. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, पण नोंद पूर्ण असावी. एकतीस वर्षांची सरकारी सवय.)

निर्णय झाला. पक्का. नोलीनसाठी घरात गांजाची दोन झाडं वाढवणार. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, अजून कुबड्यांवर आहे. दुखतं. इतक्या गोळ्या बऱ्या नाहीत. आमच्या कॅनबेरात माणशी दोन झाडं कायद्याने चालतात. घरात माणसं दोन, म्हणजे चार चालली असती. मी दोनच लावतोय. याला संयम म्हणतात.

नोलीनला सांगितलं. ती म्हणाली, मला नकोय रे बाबा. गोळ्या पुरतात मला. दुपारी घेतली की दोन तास गाढ झोप लागते, तेवढीच तुझ्या बडबडीपासून सुटका.

थट्टा करते. म्हणजे दुखणं लपवतेय. नवरा म्हणून मला कळतं.

सोमवार, ८ मे
कुंपणापाशी मिर्को भेटला. शेजारी. अर्थखात्यातून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाला नाही म्हणण्याचा पगार घेतला. गेल्या उन्हाळ्यात त्याचं गांजाचं झाड पन्हाळीला लागलं होतं आणि अख्खा फेब्रुवारी त्याने मला ते दाखवलं. त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

म्हणाला, अरे लेस्टर, थंडीत लावतं का कोणी? टोमॅटो आणि हे, दोन्ही नोव्हेंबरात, मेलबर्न कपच्या शर्यतीच्या दिवशी जमिनीत. तोपर्यंत सूर्य सुट्टीवर.

मी म्हटलं, मी सूर्य विकत आणणार आहे. एलईडी.

तो म्हणाला, दिव्याखाली चालत नाही बरं का. उघड्यावर, उन्हात, एवढंच चालतं. कायद्यात सरळ लिहिलंय, कृत्रिम प्रकाश नाही.

मला हसू आलं. अर्थखात्यातली माणसं कायदा वाचतात, त्यांना तो समजत नाही. ‘कृत्रिम’ म्हणजे काय? व्याख्या कुठाय? मी एकतीस वर्षं सरकारी नियमांच्या व्याख्या लिहिल्या. ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या माझी आहे. ढकलगाडी त्यात येते की नाही यावर दोन वर्षं बैठका झाल्या. (येते. पण फक्त उतारावर.) व्याख्या नसलेला शब्द म्हणजे कडी नसलेलं दार.

ता.क. दोन रोपं मिळाली. कुंपणावरून आली. कोणी दिली ते लिहीत नाही.

बुधवार, १० मे
तंबू आला. बाहेरून काळा, आतून चांदीसारखा, चेनने बंद होणारा. कपाटाएवढा. मधल्या खोलीत उभा केला. पूर्वी ही मुलीची खोली, ती आता पर्थला असते. एक पाय आखूड निघाला, खाली पुठ्ठा घातला. रोपांना नावं दिली: ‘अ’ आणि ‘ब’. मिर्को आपल्या झाडाला ‘राणीसाहेब’ म्हणायचा. हा पोरकटपणा माझ्याकडे नाही.

नोलीन कुबड्या टेकत आली. म्हणाली, मधल्या खोलीत? माझी खोली पॅसेजच्या टोकाला. बाहेर पडायचं तर याच्या दारावरून जायचं. काही झालं तर मी कुठून जाऊ?

काय होणार आहे? रोपं हल्ला करतात का?

तिच्या खोलीला बागेत उघडणारं काचेचं दार आहे, पण ते दोन वर्षं अडकलंय. दुरुस्त करणार आहे. 

संकल्प: काचेचं दार दुरुस्त करणे. या आठवड्यात.

शनिवार, १३ मे
फिशविकला जाऊन आलो. रोपांच्या दिव्यांचं मोठं दुकान. काउंटरवर नाकात नथनी घातलेली मुलगी. पुष्कळ बोलली. दिवा रोपापासून किती वर हवा, त्याचा वीज देणारा डबा तंबूच्या बाहेर ठेवायचा, पंखा हवाच, जुनं घर असेल तर वायरिंग आधी तपासून घ्या. मी मान डोलावत होतो. तांत्रिक बाबी नंतर बघता येतात, आधी धोरण ठरावं लागतं.

दोन प्रकार. एक जांभळा. लावून दाखवला, अख्खं दुकान नाइटक्लबसारखं दिसायला लागलं. सूर्य कधी जांभळा असतो? उघडउघड कृत्रिम. बाद.

दुसरा पांढरा. जड, सुबक, मागे सुरक्षिततेच्या मंजुरीची छोटी खूण. तो घेतला. येताना हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज-पाव खाल्ला. दिवस सार्थकी लागला.

संध्याकाळ. नोलीनने चष्मा लावून खोक्यावरचं वाचलं. मोठ्याने. ‘घरातील रोपांसाठी कृत्रिम प्रकाशयोजना.’ आणि खोकं माझ्या हातात दिलं.

खोक्यावर छापलंय. स्वच्छ शब्दांत. बनवणाऱ्यानेच कबुली दिल्यावर मी काय युक्तिवाद करणार?

सोमवार, १५ मे
दिवा परत केला. नथनीवालीने विचारलं, बिघडला का? मी म्हटलं, दिवा उत्तम आहे, शब्द चुकीचा आहे. तिने खोकं उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, काका, दिवा कृत्रिमच असतो. नैसर्गिक दिवा हवा असेल तर त्याला खिडकी म्हणतात.

या पिढीला बारकावे कळत नाहीत.

इंटरनेटवर शोध सुरू.

मंगळवार, १६ मे
सापडला! ‘ट्रू सन २०००’. वर्णनात ‘कृत्रिम’ हा शब्द एकदाही नाही. उलट: ‘हा सूर्यच आहे.’ ‘संपूर्ण नैसर्गिक उजेड.’ ‘तुमच्या झाडांना फरक कळणार नाही.’ झाडाला कळत नसेल तर पोलिसाला कसा कळेल? मागवला.

काचेचं दार: या आठवड्यात.

शुक्रवार, १९ मे
दिवा आला. अपेक्षेपेक्षा हलका. मंजुरीची खूण दिसली नाही, पण त्या जागी हसऱ्या सूर्याचं चित्र आहे. प्लगच्या पिना आपल्याकडच्या नाहीत. सोबत एक अडॅप्टर दिलंय, ते सॉकेटमध्ये जरा हलतं. खाली चप्पल टेकवली की बसतं.

तीन वाजता उद्घाटन. केविन आणि नोलीन हजर. काय उजेड! तंबूत जानेवारीचं ऊन आणि खिडकीबाहेर दंव. ‘अ’ आणि ‘ब’ दोघंही थक्क.

केविन भुंकला आणि मागे सरत सरत पॅसेजमध्ये गेला. नोलीन म्हणाली, हा आवाज कसला?

मी म्हटलं, गुणगुणतोय. उजेडाचा आवाज.

ती म्हणाली, उजेडाला आवाज नसतो, लेस.

शनिवार, २० मे
मिर्कोला दाखवला. अर्थातच जळला. दिव्याकडे न बघता प्लगकडेच बघत होता. बोट लावलं, काढलं. म्हणाला, गरम आहे रे.

मी म्हटलं, सूर्यही गरमच असतो.

तो म्हणाला, हो राजा, पण सूर्य तुझ्या भिंतीत खोचलेला नसतो.

जाताना नोलीनच्या खोलीत डोकावला. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. बहुतेक माझ्या वाढदिवसाबद्दल.

मंगळवार, २३ मे
रोपांना दमट हवा मानवते असं वाचलं. तंबूत किटली उकळत ठेवली. वाफ पॅसेजमध्ये गेली आणि धुराचा अलार्म किंचाळायला लागला, नेमका नोलीनच्या झोपेच्या वेळी. ती उठून बसली, चेहरा पांढराफटक. अलार्म काढून माझ्या मोज्यांच्या कप्प्यात ठेवला. बिचारीची झोप महत्त्वाची.

संकल्प: अलार्म उद्या परत लावणे.

गुरुवार, २५ मे
फ्यूज गेला. ओव्हनमध्ये कोकराचं मांस, हॉलमध्ये हीटर, आणि सूर्य. घर पंचाहत्तर सालचं, मीटरच्या पेटीत अजून चिनीमातीचे फ्यूज आणि त्यात तार. नोलीन कधीची म्हणतेय, बदलून घे. तार बदलली. आठ वाजता परत गेला. गॅरेजमध्ये जरा जाड तार सापडली, ती घातली. आता जात नाही. समस्या मुळापासून सोडवायची ही माझी पद्धत.

अलार्म: उद्या.

रविवार, २८ मे
‘ब’ची तब्येत नरम. पानं खाली, कडा तपकिरी. ‘अ’ची पानं मात्र वर वळली आहेत, दोन्ही हात जोडल्यासारखी. याला प्रार्थना म्हणतात, असं इंटरनेटच्या एका मंचावर वाचलं. दुसऱ्या मंचावर लिहिलंय की उष्णतेने करपतात. मी पहिल्या मंचाचं सदस्यत्व घेतलं.

दुपारी मधल्या खोलीत ठकठक. गेलो तर नोलीन. ऑपरेशनवाल्यांना कंबरेत वाकायची मनाई असते म्हणून दवाखान्याने एक लांब चिमटा दिलाय, जमिनीवरचं उचलायला. तो तंबूच्या मागे घालून प्लगपर्यंत पोचायला बघत होती. पोचत नव्हता. वाकता येत नव्हतं. घामाघूम झालेली.

मी म्हटलं, काय शोधतेस?

ती म्हणाली, माझा नवरा. कुठेतरी इथेच पडला असेल.

बरोबर मध्यभागी उभा होतो मी! गोळ्यांनी नजरही मंदावते. डॉक्टरांना विचारणे.

सोमवार, २९ मे
‘ब’ गेला. साधेपणाने कचऱ्यात निरोप. आता सगळं बळ ‘अ’वर एकवटता येईल. दिवा थोडा खाली घेतला, म्हणजे पूर्ण सूर्य मिळेल. पंखा काढून ठेवला, त्याने पानं थरथरतात.

बुधवार, ३१ मे
दारात अनोळखी माणूस, हातात अवजारांची पेटी. म्हणाला, वीजवाला, बाईंनी फोन केला होता. मी नम्रपणे परत पाठवला. सगळं कायदेशीर आहे, पण उगाच चर्चा कशाला? आधी व्याख्येचा प्रश्न निकाली निघू दे.

तो म्हणाला, फुटपाथवरून वास येतोय साहेब, काहीतरी तापतंय.

मी म्हटलं, आमच्या घरी स्वयंपाक होतो.

नोलीनला कळलं. ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. नुसतं म्हणाली, बरं. एक मागणं मागते, ते तरी कर. अलार्म लाव.

वचन दिलं. शनिवार-रविवारी नक्की. ड्रिल चार्ज करावं लागेल, आणि ते ज्या सॉकेटला लावतात तिथे सूर्य आहे.

शनिवार, ३ जून
नोलीनचं काहीतरी बिनसलंय. नोंद करून ठेवतो, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल. दुपारी झोपताना बूट घालते. पलंगावर, पांघरुणात, नाड्या बांधलेले बूट. मी विचारलं तर म्हणाली, पाय गार पडतात. मग मोजे घाल ना! औषधांची पिशवी आणि आईचे फोटो गाडीच्या डिकीत नेऊन ठेवले. गाडीची किल्ली बागेत नळाखाली. आणि तो चिमटा झोपेतही हातात. शिवाय आज बघतो तर मिर्को तिच्या खोलीतल्या काचेच्या दाराला तेल घालतोय, गुडघ्यावर बसून! माझं दार, माझ्या यादीतलं! मी जाब विचारला तर म्हणाला, वहिनींना बागेची हवा हवीये.

जूनमध्ये! दंवात!

कूमाला तिची बहीण बेरिल राहते. तिच्याकडे जायचा बेत शिजतोय आणि माझ्यापासून लपवतायत असं दिसतं. दुखावलो. पण बोललो नाही.

केविन आता पॅसेजमध्ये यायलाच तयार नाही. बिस्किट दाखवलं तरी नाही. तिच्या काचेच्या दारापाशी, बाहेर, थंडीत झोपतो. म्हातारा झाला.

मंगळवार, ६ जून
घरात माशांचा वास. जळक्या माशांचा. मी नोलीनला म्हटलं, शुक्रवारचा मासा नीट टाकला नाहीस. ती म्हणाली, शुक्रवारी आपण मीट पाय खाल्ली, लेस.

मग पोसम असेल, झाडावरचा तो मांजराएवढा प्राणी, छपरात मेलेला. बघतो.

वास मधल्या खोलीत सर्वांत जास्त. म्हणजे पोसम बरोबर तिथेच वर असणार. प्लगच्या भोवती भिंत थोडी पिवळी पडलीये, तिथूनच काहीतरी झिरपत असावं. संकल्प: छपरात चढणे. अलार्म लावणे. ड्रिल. भिंत रंगवणे.

नोलीनने फोन पुढे धरून, खाली बसता येईल तेवढं बसून प्लगचा फोटो काढला. मिर्कोला पाठवला. त्याचं उत्तर मला दाखवलं. एकच ओळ. ‘वहिनी, आजच आमच्याकडे राहायला या.’

पुरे झालं! माझ्या पाठीमागे माझ्या बायकोला शेजारी बोलावतो, तोही अर्थखात्याचा. मी तिला म्हटलं, जायचं तर खुशाल जा. ती म्हणाली, मी गेले की तू या घरात एकटा राहशील. तुला एकट्याला सोडून जाऊ?

बघा. शेवटी माझ्यावाचून करमत नाही तिला.

शुक्रवार, ९ जून
‘अ’ उंच झाला नाही, पण गंभीर दिसतो.

महत्त्वाचं काम हाती घेतलंय. विधानसभेला निवेदन: ‘कृत्रिम या शब्दाच्या व्याख्येसंबंधी.’ मसुदा तयार. एकदा व्याख्या झाली की मिर्को, नथनीवाली, खोकी, सगळ्यांची तोंडं बंद. पहिलं वाक्य जमलंय: ‘जो उजेड झाडाला सूर्यासारखा वाटतो तो कृत्रिम नव्हे.’ सुंदर. मोठ्याने वाचलं. मधल्या खोलीतून दिव्याने दोनदा डोळा मिचकावला. उत्साहात असावा.

नोलीनशी तह झाला. रविवारी मिर्कोकडे मसुदा वाचून दाखवायला जायचंय, तेव्हा दिवा बंद करून जाईन. तिने वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शाळेत करून घेतात तसं.

रविवार, ११ जून. संध्याकाळ. मिर्कोकडे बसून लिहितोय.
क्रमाने लिहितो.

जेवण झालं. नोलीन गोळी घेऊन झोपली. बूट घालून. मी मसुदा घेऊन निघालो. दिवा बंद करणार होतो, पण ‘अ’ नुकता प्रार्थनेत होता. अर्ध्या तासासाठी त्याचा दिवस मोडायचा कशाला, असं वाटलं.

मिर्कोच्या मागच्या व्हरांड्यात बसलो. तो म्हणाला, दिवा बंद केलास ना? मी म्हटलं, आधी ऐक. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो, ‘सूर्य हाही एक प्रकारचा दिवाच आहे’ इथे, तेव्हा धुराचा वास आला. कुंपणापलीकडे करडा धूर, जाड. मी वाचन थांबवलं. मला राग आला. दर हिवाळ्यात हेच. लोक लाकडाच्या शेगड्यांत ओली लाकडं जाळतात आणि आमच्या अख्ख्या कॅम्बा उपनगराच्या छातीत धूर भरतात. मी मिर्कोला म्हटलं, हे बघ, यांना ना नियमाची चाड, ना शेजाऱ्यांची. उद्याच तक्रार करतो. आणि वहीत वेळ टिपायला लागलो.

मिर्को आधीच उठला होता. खुर्ची पडली. तो कुंपणावरून उडी मारून गेला. सत्तर वर्षांचा माणूस.

केविनचं भुंकणं ऐकलं. मग पाहिलं, धुराखालचं छप्पर ओळखीचं होतं.

मी फाटकाने गेलो. पुढच्या दाराने आत शिरायला गेलो तर पॅसेज दिसेना. नुसतं काळं, आणि माशाचा वास. मी तिला हाक मारली. पॅसेजच्या टोकाला ती आहे आणि मध्ये ती खोली आहे, एवढंच डोक्यात होतं. मी आत पाऊल टाकलं. दुसरं टाकवेना.

बाहेरून आवाज आला, लेस, वेड्यासारखा आत जाऊ नकोस. मी इथे आहे.

नोलीन गाडीपाशी होती. घडीच्या खुर्चीवर बसलेली, अंगात कोट, पायात बूट, मांडीवर औषधांची पिशवी, केविनचा पट्टा एका हातात. दुसऱ्या हातात तो लांब चिमटा. केविनच्या भुंकण्याने जाग आली आणि काचेचं दार एका बोटाने सरकलं म्हणे. बाहेर येऊन तिने आधी मीटरच्या पेटीतला मुख्य खटका चिमट्याने खाली पाडला, मग फायर ब्रिगेडला फोन केला, आणि मग खुर्ची उघडली. गाडीतून थर्मास काढून कपात चहा ओतत होती.

मी काय बोललो आठवत नाही. मिर्को म्हणतो, मी म्हणालो, मी अलार्म उद्या लावणार होतो.

त्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, हो रे. मला माहीतच होतं.

सोमवार, १२ जून. सार्वजनिक सुट्टी.
मधली खोली गेली. पॅसेज काळा. नोलीनच्या खोलीत छत तिच्या पलंगावर पडलंय. उशीच्या जागी.

फायर ब्रिगेडची अधिकारी बाई, हेल्मेट काखेत. म्हणाली, आजोबा, पॅसेजमध्ये अलार्मचं बूड आहे, अलार्म कुठाय?

मोज्यांच्या कप्प्यात, मी म्हटलं. तिने लिहून घेतलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग मीटरची पेटी उघडून फ्यूजमधली तार बाहेर काढली आणि सहकाऱ्याला दाखवली. तो शीळ घालून म्हणाला, याने बकरी बांधता येईल.

त्यानंतर पोलीस. तरुण मुलगी, कडक इस्त्री. वितळलेल्या तंबूत ‘अ’ होता. होता म्हणजे त्याचं खोड. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर चिकटपट्टी लावली. म्हणाली, सर, दोन झाडं चालतात हे तुम्हाला माहीत होतं. मग दिव्याचं माहीत नव्हतं?

मी तयार होतो. या क्षणासाठीच तर मसुदा लिहिला होता. मी म्हटलं, कायद्यात ‘कृत्रिम’ या शब्दाची—

तिने मला पूर्ण बोलू दिलं. सभ्य मुलगी. सगळं ऐकून घेतलं, झाडाच्या दृष्टीने सूर्य म्हणजे काय तेही. मग जळालेल्या खोलीकडे बघितलं, छप्पर नव्हतं, वरून जूनचं ऊन सरळ आत पडलं होतं. म्हणाली, सर, तुमच्या घरात आता जो उजेड येतोय, तो चालतो. त्याआधी जो होता, तो चालत नाही. यात तुम्हाला नक्की काय कळलं नाही?

व्याख्या म्हणून वाईट नाही. थोडी लांब आहे.

नोटीस येईल म्हणाली.

दुपारी बेरिल कूमाहून गाडी घेऊन आली. माझ्याशी बोलली नाही. नोलीन आणि केविन तिच्याबरोबर गेले. म्हणजे कूमाचा बेत होताच, माझा अंदाज बरोबर होता.

मिर्को म्हणाला, आमच्याकडे राहा. मी नको म्हटलं. त्याच्या व्हरांड्यातून ते छप्पर दिसतं.

बुधवार, १४ जून. संध्याकाळ, साडेसात.
क्वीनबियनचं मोटेल. खोली बरी. छताला अलार्म आहे, हिरवा ठिपका अधूनमधून लुकलुकतो. दुपारपासून तिकडेच बघत बसलोय. कामं बरीच आहेत, उद्यापासून सुरू करणार.

नोलीनचा फोन आला. बरी आहे. केविन बेरिलच्या पॅसेजमध्ये झोपतो म्हणे, अगदी मध्यभागी. विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, हो. (टोस्ट.) मग मी विचारलं, परत कधी येशील? ती म्हणाली, कशात परत येऊ, लेस? छप्पर तरी आहे का?

मी म्हटलं, बांधतो ना. या आठवड्यात सुरू—

मी वाक्य तिथेच सोडलं.

मग विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, ते बूट. तुला माहीत होतं का गं?

केविनचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, अडतीस वर्षं मी तुला सांगत आलेय. या वेळी सांगण्यापेक्षा बूट घालणं सोपं होतं.

झोप आता, म्हणाली. फोन ठेवला.

मसुदा केराच्या टोपलीत टाकला. मग काढून घडी करून ठेवला; पाठची बाजू कोरी आहे. टेबलावरचा दिवा बंद केला. प्लगही काढला. फ्रिजचाही काढला. टीव्हीचाही. दाराची कडी आतून लावून बघितली, परत उघडून बघितली, उघडते. आता खिडकीबाहेरच्या पार्किंगच्या उजेडात लिहितोय.

बूट घालूनच आडवा होतोय. इथली फरशी फार गार आहे.